एक मिलीग्रॅमचा मागोवा

बाळंतपणाच्या खोलीत बाळाचं पहिलं रडणं ऐकू येतं, नाळ कापली जाते, पुसून कोरडं केलेलं बाळ आईच्या छातीवर विसावतं. त्यानंतर काही वेळानं सिस्टर एक तपकिरी काचेची बारीकशी कुपी हातात घेते, टिचकी मारून आतला द्रव खाली आणते आणि कुपीची मान मोडते. त्यातलं जेमतेम अर्धा मिलीलीटर औषध ती बारीक सुईच्या सिरिंजमध्ये ओढून घेते. बाळाच्या मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला सुई जाते, बाळ कळवळून रडतं आणि आईच्या कुशीत शिरून गप्प होतं. बाहेर पेढे आणायला कुणी जायचं याची बोलणी चाललेली असतात. ही सुई दिली गेली हे घरातल्या पुष्कळांना कळतही नाही. बीसीजी कधी, पोलिओचा डोस कधी हे आजीसुद्धा तोंडपाठ सांगते. ही लस नाही, म्हणून ती त्या यादीत येत नाही.

कुपीत असतं एक मिलीग्रॅम व्हिटॅमिन के. ते दिलं जातं बाळाला होणारा रक्तस्राव टाळण्यासाठी, आणि त्यातही सगळ्यात घातक म्हणजे मेंदूतला रक्तस्राव टाळण्यासाठी. पूर्ण दिवसांचं, छान वजनाचं, अंगावर पिणारं, हसरं बाळ महिना-दीड महिन्यानं अचानक सुस्त पडतं, उलट्या करतं, पांढरं पडतं, त्याला झटके येतात, आणि तपासणीत डोक्यात रक्त साठलेलं दिसतं. अशा घरावर काय कोसळतं ते शब्दांत मांडणं अवघड आहे. हे संकट बहुतांशी टाळता येतं, हे माणसाला कळायला कित्येक दशकं लागली. त्या वाटेवर चुका झाल्या आणि रास्त शंकाही निघाल्या. प्रत्येक शंकेचा छडा लावला गेला, म्हणूनच मला या सुईचा भरवसा वाटतो. तो इतिहास आईबापांना ठाऊक असावा.

सुरुवात होते बॉस्टनमध्ये. नवजात बाळांच्या बेंबीतून, नाकातोंडातून रक्त येणं, काळी शी होणं हे प्रकार वैद्यांना आणि सुइणींना फार पूर्वीपासून माहीत होते. पण त्यांची वर्गवारी झालेली नव्हती. कुणी त्याला हिमोफिलिया समजे, कुणी जंतुसंसर्ग. मेंदूत रक्तस्राव झाला की बोट थेट बाळंतपणाकडे जाई: डोकं अडलं, चिमटा लागला, सुइणीचा हात जड पडला. १८९४ साली चार्ल्स टाउनसेंड या डॉक्टरनं ५० बाळांची टिपणं एकत्र करून मांडली. त्याला एक ठरावीक चाल दिसली. रक्तस्राव बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होई. जी बाळं त्यातून तरत, त्यांना पुढे आयुष्यात तो त्रास होत नसे. हिमोफिलिया जन्मभर पाठ सोडत नाही. म्हणजे हा आजार निराळा होता: जन्मानंतर लगेच येणारी आणि निभावली तर ओसरणारी कसली तरी उणीव. ती कशाची, हे टाउनसेंडला सांगता आलं नाही. पण आजाराला स्वतंत्र ओळख मिळाली.

उपाय मात्र नव्हता. १९०५ साली अमेरिकी शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग यानं मेंदूत रक्तस्राव झालेल्या नवजात बाळांवर कवटी उघडून केलेल्या शस्त्रक्रियांविषयी लिहिलं. त्या काळाच्या मानानं ते धाडस अचाट होतं, पण रक्त साठल्यावर ते काढण्यापलीकडे त्यात जाता येत नव्हतं. तीन वर्षांनी, १९०८ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये एका शल्यचिकित्सकाच्याच घरी हा आजार आला. त्याची काही दिवसांची मुलगी रक्तस्रावानं विझत चालली होती. रक्तवाहिन्या एकमेकींना शिवण्याचं तंत्र तेव्हा अलेक्सिस कॅरेल या फ्रेंच डॉक्टरच्या हाती होतं. तो रॉकफेलर संस्थेत प्राण्यांवर प्रयोग करत असे. त्याला रात्रीच बोलावून आणलं. त्यानं बापाच्या मनगटाची धमनी उघडून ती मुलीच्या पायातल्या शिरेला जोडली. बाळाची ती शीर किती बारीक असते, याची कल्पना केली तरी अंगावर काटा येतो. बापाचं रक्त लेकीच्या अंगात जाऊ लागलं, पांढऱ्याफटक पडलेल्या कातडीवर गुलाबी छटा आली, रक्तस्राव थांबला, मुलगी वाचली. गेलेलं रक्त भरून निघालं हे तर दिसतच होतं. पण वाहणारं रक्तही थांबलं होतं. मोठ्या माणसाच्या रक्तात असं काहीतरी होतं जे बाळाच्या रक्तात कमी होतं. ते काय, याचा उलगडा व्हायला आणखी तीन दशकं जायची होती.

तो उलगडा कोंबडीच्या पिल्लांनी केला. कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम हा संशोधक कोलेस्टेरॉलचा अभ्यास करत होता. पिल्लं स्वतःच्या शरीरात कोलेस्टेरॉल बनवू शकतात का, हे पाहण्यासाठी तो त्यांना चरबी पूर्ण काढून टाकलेलं खाद्य देत असे. काही आठवड्यांत पिल्लांच्या कातडीखाली आणि स्नायूंत रक्त साकळू लागलं. त्यांचं रक्त काढून ठेवलं तर ते गोठायला फार वेळ लागे. हे निरीक्षण त्यानं १९२९ मध्ये नोंदवलं. स्कर्व्ही असेल म्हणून लिंबाचा रस देऊन पाहिला, गुण आला नाही. तेव्हा माहीत असलेली इतर जीवनसत्त्वंही उपयोगी पडली नाहीत. हिरव्या पाल्यानं आणि डुकराच्या यकृतानं मात्र पिल्लं बरी झाली. म्हणजे चरबीत विरघळणारं एक नवंच जीवनसत्त्व असलं पाहिजे. १९३५ साली डामनं त्याला ‘के’ हे अक्षर दिलं, रक्त गोठण्यासाठीच्या जर्मन आणि डॅनिश शब्दाचं आद्याक्षर म्हणून. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात हर्मन आल्मक्विस्टला आढळलं की, कुजलेली मासळीची भुकटी खाणारी पिल्लंही सुरक्षित राहतात. कुजवणारे जंतूच हे जीवनसत्त्व तयार करत होते. सेंट लुईसमध्ये एडवर्ड डॉइझीनं १९३९ मध्ये लसूणघासातून एक रूप आणि कुजलेल्या मासळीतून दुसरं रूप वेगळं काढलं. १९४३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल डाम आणि डॉइझी यांना मिळालं.

पिल्लांवरून बाळांकडे यायला फार वेळ लागला नाही. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी १९३७ मध्ये दाखवलं की, नवजात बाळांच्या रक्तात प्रोथ्रोम्बिन हा गोठवणारा घटक मोठ्यांच्या मानानं फार कमी असतो. १९३९ मध्ये व्हर्जिनियातल्या डॉक्टरांनी बाळांना व्हिटॅमिन के देऊन तो सुधारतो हे सिद्ध केलं. पुढे स्वीडनच्या यॉर्गेन लेमान यानं १३,००० बाळांना ते आधीच देऊन काय घडलं, हे १९४४ मध्ये लॅन्सेटमध्ये मांडलं. क्षयावरचं ‘पास’ हे औषध शोधणारा लेमान तो हाच. टाउनसेंडनं ओळखलेली उणीव पन्नास वर्षांनी सापडली होती आणि ती भरूनही काढता येत होती.

ही उणीव प्रत्येक बाळात असतेच, आणि त्यात दोष कुणाचाच नाही. यकृत रक्त गोठवणारे काही घटक बनवतं, पण व्हिटॅमिन के नसेल तर ते अपुरे राहतात. दाराला कडी असावी आणि कोयंडाच नसावा, तसं. तो कोयंडा नेमका काय, हे १९७४ मध्ये स्वीडनच्या योहान स्टेन्फ्लो आणि इतरांच्या कामातून कळलं: व्हिटॅमिन केमुळे या प्रथिनांवर एक रासायनिक गट चढतो, त्याच्या बळावर ती कॅल्शियम पकडतात आणि जखमेच्या जागी चिकटतात. आईच्या रक्तात हे जीवनसत्त्व पुरेसं असलं तरी वारेतून बाळाकडे अगदी थोडं उतरतं. जन्मतः बाळाच्या आतड्यात ते बनवणारे जंतू जवळपास नसतात. आईच्या एक लीटर दुधात ते साधारण १ ते ४ मायक्रोग्रॅम असतं, डब्याच्या दुधात मुद्दाम घातलेलं असल्यानं ५० च्या आसपास. सिस्टरच्या कुपीत असतात १,००० मायक्रोग्रॅम. आईनं रोज मेथी-पालक खाल्ला तरी दुधातलं प्रमाण फारसं वाढत नाही. आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तमच आहे, त्याचे उपकार मोजता येणार नाहीत. फक्त ही एक गोष्ट त्यात पुरेशी नाही. कुठल्याही आईनं यात स्वतःचा दोष शोधू नये आणि अंगावरचं दूधही सोडू नये. ती एक उणीव भरण्यासाठीच ही सुई आहे.

इतकं सगळं कळल्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण औषध हाती आलं की ते सढळ हातानं देण्याचा मोह होतोच. १९५० च्या दशकात पाण्यात विरघळणारं कृत्रिम व्हिटॅमिन के भरपूर मात्रेत दिलं जाऊ लागलं, विशेषतः कमी दिवसांच्या बाळांना. त्यातून त्यांच्या तांबड्या पेशी फुटू लागल्या, कावीळ चढली आणि काहींच्या मेंदूला इजा झाली. रक्तस्रावापासून जपायला दिलेल्या औषधानंच मेंदू दुखावला, हा या इतिहासातला सर्वांत वेदनादायी भाग आहे. डॉक्टरांनी तो झाकून ठेवला नाही. १९५५-५६ पासून निरीक्षणं छापून आली, ते रूप आणि त्या मात्रा मागे पडल्या, आणि वनस्पतींत असतं तेच के-१ रूप अल्प मात्रेत द्यायचं ठरलं. १९६१ साली अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं प्रत्येक नवजात बाळाला अर्धा ते एक मिलीग्रॅमची एकच सुई देण्याची शिफारस केली. आज दिला जाणारा एक मिलीग्रॅम तिथून आलेला आहे.

तोवर सगळ्यांचं लक्ष पहिल्या आठवड्यावरच होतं. थायलंडमधल्या डॉक्टरांनी ते पुढे नेलं. १९७७ मध्ये त्यांनी ९३ बालकांची माहिती मांडली. ही बाळं नवजात नव्हती, महिना-दोन महिन्यांची होती. बहुतेक अंगावर पिणारी, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना रक्तस्राव झाला होता मेंदूत. पुढे या आजाराचे तीन काळ ठरले. पहिल्या २४ तासांतला, जो बहुधा आईला गरोदरपणी फिट्सची, क्षयाची किंवा रक्त पातळ करणारी काही औषधं चालू असतील तर होतो. दुसऱ्या ते सातव्या दिवसातला, जो टाउनसेंडनं पाहिला होता. आणि दुसऱ्या आठवड्यापासून सहा महिन्यांपर्यंतचा, बहुधा तिसऱ्या ते आठव्या आठवड्यातला. हा तिसरा विरळा असतो, सुई न दिलेल्या लाखभर बाळांत साधारण चार ते सात. पण त्यातल्या निम्म्याहून अधिक वेळा तो मेंदूत होतो, आणि वाचलेल्या मुलांपैकी अनेकांना कायमचं अपंगत्व येतं.

विरळा आहे म्हणूनच तो विसरला जातो. ब्रिटनमध्ये बऱ्याच ठिकाणी ही सुई फक्त जोखमीच्या बाळांपुरती ठेवली गेली होती. १९८३ मध्ये लॅन्सेटमध्ये डॉक्टरांनी लिहिलं की, जुना आजार परतला आहे. मग १९९० आणि १९९२ मध्ये ब्रिस्टलच्या जीन गोल्डिंग यांचे दोन अभ्यास आले. लहानपणी कर्करोग झालेल्या मुलांच्या जन्माची कागदपत्रं तपासताना त्यांना दिसलं की, स्नायूत व्हिटॅमिन के टोचलेल्या मुलांत कर्करोगाचं प्रमाण जवळपास दुप्पट भासतं. आईबाप हादरले. आपल्या बाळाला वाचवायला दिलेली सुई पुढे त्याला रक्ताचा कर्करोग देईल, ही कल्पना कुणालाही हादरवणारीच आहे.

या शंकेला कुणी वेडगळ ठरवलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तिचं उत्तर मोजून दिलं गेलं. स्वीडनमध्ये १९७३ ते १९८९ या काळात जन्मलेल्या १३ लाखांहून अधिक मुलांची नोंद तपासली, संबंध आढळला नाही. अमेरिकेत सुमारे ५५,००० मुलांच्या माहितीत तो दिसला नाही. पुढे ब्रिटनमध्येच मोठे अभ्यास झाले, तिथेही नाही. पहिल्या अभ्यासातली मुलं थोडी होती, आणि जी बाळं जन्मतः नाजूक होती त्यांनाच बहुधा सुई दिली गेली होती. अशा वेळी आकडे दिशाभूल करू शकतात. दरम्यानच्या काळात उत्तर येण्याआधीच काही देशांनी सुई सोडून तोंडानं थेंब द्यायला सुरुवात केली होती. ऑस्ट्रेलियानं १९९३ मध्ये हा बदल केला, उशिराच्या रक्तस्रावाची बाळं दिसू लागली, आणि १९९४ मध्ये ते सुईकडे परतले.

थेंब का पुरत नाहीत, याचंही कारण मिळालं. चरबीत विरघळणारं जीवनसत्त्व आतड्यात शोषलं जायला पित्त लागतं. काही बाळांच्या पित्तनलिका जन्मानंतर बंद होत जातात. बाहेरून ती सुदृढ दिसतात, पण थेंबांतलं व्हिटॅमिन के त्यांच्या अंगी लागत नाही, आणि नेमकी तीच सर्वांत धोक्यात असतात. नेदरलँड्समध्ये वर्षानुवर्षं रोज थेंब देण्याची पद्धत होती. डेन्मार्कच्या सुई दिलेल्या बाळांशी तुलना केल्यावर फरक स्पष्ट झाला. नेदरलँड्सनं २०११ मध्ये थेंबांची मात्रा सहापट केली, तीही पुरी पडली नाही, आणि २०१७ मध्ये डच आरोग्य परिषदेनं सुईचाच सल्ला दिला. स्नायूत टोचलेलं औषध तिथे साठून राहतं आणि हळूहळू रक्तात उतरतं, बाळाला ते काही महिने पुरतं.

पण भीती उत्तरापेक्षा जास्त टिकते. २०१३ मध्ये अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका रुग्णालयात काही महिन्यांच्या अंतरानं चार बाळं उशिराच्या रक्तस्रावानं आली, तिघांना मेंदूत आणि एकाला आतड्यात. चौघांच्याही आईबापांनी सुई नाकारली होती. कारणं विचारली तेव्हा त्यात रक्ताच्या कर्करोगाची भीती होतीच, खोटी ठरून वीस वर्षं झालेली. त्याआधी जपानमध्ये एका बाळाला नेहमीच्या व्हिटॅमिन केच्या पाकाऐवजी होमिओपॅथीच्या साखरेच्या गोळ्या दिल्या गेल्या, आणि ते २००९ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावानं दगावलं. या घटनेनंतर, ऑगस्ट २०१० मध्ये, जपानच्या विज्ञान परिषदेला जाहीर निवेदन काढावं लागलं.

महाराष्ट्राचा या इतिहासातला वाटा गडचिरोलीचा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९० च्या दशकात ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातलीच, थोडी शिकलेली बाई आरोग्यदूत झाली. दाईच्या जोडीनं ती बाळंतपणाला हजर राही, बाळाला ऊब देई, श्वास सुरू करायला मदत करी, जंतुसंसर्ग ओळखून औषध देई, आणि तिच्या कामांत व्हिटॅमिन केची सुईही होती. या सगळ्या उपायांनी मिळून नवजात मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं, आणि १९९९ मध्ये तो निष्कर्ष लॅन्सेटमध्ये आला. खाटेवर, कंदिलाच्या उजेडात जन्मलेल्या बाळालाही हे संरक्षण गावातल्याच हातानं देता येतं, हे त्यातून दिसलं. २०१४ मध्ये भारत सरकारनं सूचना काढल्या: आरोग्य केंद्रात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला एक मिलीग्रॅम, आणि एक किलोहून कमी वजनाच्या बाळाला अर्धा.

या सुईची मर्यादाही सांगितली पाहिजे. नवजात बाळाच्या मेंदूतला प्रत्येक रक्तस्राव तिनं टळत नाही. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत एक अतिनाजूक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, ते पहिल्या तीन दिवसांत रक्तदाबाच्या चढउतारानं फुटू शकतं. तिथे उपयोगी पडतं ते प्रसूतीआधी आईला दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये ते बाळाच्या फुप्फुसांसाठी म्हणून मांडलं, नंतर कळलं की मेंदूचंही त्यानं रक्षण होतं. अशा बाळाची टाळूवरून सोनोग्राफी केली जाते, कारण तिथे हाड जुळलेलं नसतं. अवघड बाळंतपणातली इजा हे आणखी वेगळं कारण. आईबापांनी डॉक्टरांना ‘आमच्या बाळाला कशामुळे झालं’ हे विचारावंच, कारण प्रत्येक कारणाचा इलाज आणि पुढचा रस्ता वेगळा असतो.

मेंदूत रक्तस्राव होण्याआधी पुष्कळदा इशारा मिळतो. बेंबीतून पुन्हा रक्त झिरपणं, नाकातून थेंब येणं, धक्का न लागता अंगावर काळानिळा डाग उमटणं. आपल्याकडे याला ‘कुठं तरी लागलं असेल’ म्हणून सोडून दिलं जातं. रोज बाळाला न्हाऊ घालणारी, टाळू भरणारी आजी किंवा बाई हे डाग सर्वांत आधी पाहते, आणि टाळू फुगून टणक झाली तर तिच्याच हाताला ते आधी जाणवतं. तिला ही लक्षणं माहीत असायला हवीत. कावीळ दोन आठवड्यांनंतरही हटत नसेल आणि शी पांढुरकी होत असेल तर पित्तनलिका तपासून घ्यायला हवी. अशी कुठलीही गोष्ट दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, सकाळची वाट पाहू नये.

आणि सुईबद्दल मनात शंका आली तर ती जरूर विचारावी. किती मात्रा, कोणतं रूप, टोचायचंच का, कर्करोगाचं काय: हे सगळे प्रश्न या आधी विचारले गेले आहेत आणि त्यांची उत्तरं लाखो मुलांच्या नोंदींमधून मिळवलेली आहेत. घरी येताना दवाखान्याच्या कार्डावर व्हिटॅमिन के दिल्याची नोंद आहे का, हे आईनं, बापानं, मामानं, कुणीही पाहावं. नोंद नसेल तर तिथेच विचारावं. बाळंतपण घरी किंवा वाटेत झालं असेल तर आशाताईला किंवा नर्सबाईंना त्याच दिवशी सांगावं. एवढं विचारायला मिनिटभर लागतं, आणि त्या मिनिटावर एखाद्या बाळाचं पुढचं सगळं आयुष्य अवलंबून असू शकतं.